जरासा बारीक कर

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात क्यू करणारा एक मिस्त्री राहत होता. क्यू म्हणजे काय ते आधीच सांगतो, नाहीतर गोष्ट निम्मी झाल्यावर कुणीतरी विचारणार. स्नूकर नावाचा एक खेळ आहे. हिरवं कापड ताणून बसवलेलं भलंमोठं टेबल असतं. त्यावर रंगीत चेंडू मांडतात आणि पांढऱ्या चेंडूने त्यांना ढकलत टेबलाच्या कडेच्या खिशांत पाडतात. पांढऱ्या चेंडूला हात लावायचा नाही. त्याला ज्या लांब निमुळत्या काठीने टोला द्यायचा, ती काठी म्हणजे क्यू. आता खेड्यात हा खेळ कुठून आला म्हणाल, तर तिथे एक जुना जिमखाना होता. कुण्या काळच्या साहेबांनी जाताना टेबल तिथेच ठेवलं. एवढं जड धूड नेणार तरी कोण?

मिस्त्रीचं नाव भालचंद्र. घराच्या पडवीतच त्याचं काम चालायचं. क्यूसाठी मागवलेलं परदेशी लाकूड रंध्याने थोडं तासायचं आणि पडवीच्या आढ्याला दोरीने टांगून ठेवायचं, अशी त्याची रीत. तासलं की लाकूड आतून हलतं, त्याला विसावा लागतो. विसाव्यानंतर सरळ राहिलं तर पुन्हा थोडं तासायचं, पुन्हा टांगायचं. वाकलं तर त्याची लाटणी करायची. गावातल्या निम्म्या घरांत परदेशी लाकडाच्या लाटण्याने चपात्या लाटल्या जात आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे. असा एक क्यू व्हायला वर्ष सहज जायचं. मुठीकडचा भाग काळ्या शिसवीचा, टोकाला पितळेची टोपी, आणि टोपीवर चामड्याची टिप, म्हणजे चेंडूला लागणारी टिकली. शेवटचा रंधा फिरवताना भालचंद्र श्वास धरून असायचा. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही, हे सुताराच्या घरात वेगळं शिकवावं लागत नाही.

हाताने असा पक्का माणूस, पण तोंडाने अगदी कच्चा. त्याला ‘नाही’ म्हणता येत नसे. शेजारची काकू मोडका पाट घेऊन आली, की हातातलं काम बाजूला. कुणी चुकीचं माप आणलं तर ते चुकीचं आहे असं सांगायच्या आधी हा घरात पाणी प्यायला जायचा, आणि पाणी पिऊन आला की हो म्हणायचा. त्याची बायको शालन त्याला म्हणायची, “अहो, भीड भिकेची बहीण असते.” त्यावरही तो हो म्हणायचा. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

भालचंद्रचा एक लहानपणापासूनचा मित्र होता. प्रल्हाद त्याचं नाव. पोस्टात कामाला होता, आणि जिमखान्यात त्याच्या तोडीचा खेळाडू नव्हता. त्याच्या मनात एकच होतं. जिल्ह्याची स्पर्धा जिंकायची आणि एकदा तरी राज्याच्या संघातून खेळायचं. जिल्ह्यात जो पहिला येई त्यालाच संघात घेत. पण चाळिशी उलटली की ज्येष्ठांच्या गटात बसवत, आणि त्या गटातून संघात कुणालाच घेत नसत. प्रल्हादची चाळिशी काही फार लांब नव्हती. भालचंद्रने त्याच्यासाठी क्यू केला तो आपल्याकडच्या सगळ्यात चांगल्या लाकडाचा. इतका सुरेख, की काचेवर ठेवून गडगडवला तरी कुठे पोक दिसू नये.

त्या वर्षी प्रल्हाद जिल्ह्याच्या उपांत्य सामन्यापर्यंत गेला आणि एका लांबच्या चेंडूवर हरला. दुसऱ्या दिवशी क्यू घेऊन तो पडवीत आला.

“भालू, हा हातात जाड वाटतो रे. जरासा बारीक कर.”

भालचंद्रने क्यू हातात घेतला. टिप पाहिली. टिपेची उजवी कड झिजलेली होती, डावी नव्यासारखी होती. त्याला काय समजायचं ते समजलं. तसं सामन्यातही त्याने ते पाहिलंच होतं. चेंडू लांबचा असला की प्रल्हादला तो खिशात जातो की नाही हे बघायची घाई व्हायची. टोला पुरा व्हायच्या आतच त्याचं डोकं वर यायचं. डोक्याबरोबर खांदा यायचा, आणि क्यू उजवीकडे ओढला जायचा. क्यूचा दोष तिळाएवढाही नव्हता.

हे सांगायला किती शब्द लागतात? पण समोर मित्र. कालच हरलेला. रात्रभर झोपला नसावा असे डोळे. भालचंद्र घरात जाऊन पाणी पिऊन आला.

“करतो की,” तो म्हणाला.

त्याने क्यूवरून अगदी हलका रंधा फिरवला, काचपेपर मारला, जवसाचं तेल चोळलं. प्रल्हादने हातात घेऊन पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. “बघ, आता कसा बसला हातात.” महिनाभर तो खरोखरच छान खेळला. क्यू सुधारला या भरवशावर माणूस निवांत झाला होता, म्हणून डोकं खाली राहत होतं. भालचंद्रलाही वाटलं, चला, न दुखवता काम झालं.

पण मोठा सामना आला की मूळ खोड वर यायची. पुढच्या वर्षी प्रल्हाद पुन्हा लांबच्या चेंडूवर हरला. पुन्हा पडवीत आला. “अजून जरासा बारीक कर, भालू. मागच्या वेळी फरक पडला होता.” पुन्हा भालचंद्रने टिप पाहिली, पुन्हा मूग गिळले, आणि रंधा घेतला.

असं होत गेलं. शालन हे सगळं दारातून बघत असे. एकदा प्रल्हाद गेल्यावर ती पडवीत आली.

“भावजींचा क्यू किती दिवस तासणार?”

“त्याला बरं वाटतं.”

“त्यांना बरं वाटतं की तुम्हाला? दुखणं मानेत आणि औषध काठीला. तोंड कडू करायला नको म्हणून चाललंय हे सगळं.”

बायको खरं बोलते आहे हे भालचंद्रला कळत होतं. पुढच्या वेळी नक्की सांगू, असं त्याने ठरवलं. ‘पुढच्या वेळी’ हा शब्द फार सोयीचा आहे. भिडस्त माणसाचं अर्धं आयुष्य त्याच्यावर जातं.

मग ते शेवटचं वर्ष आलं. यानंतर प्रल्हाद ज्येष्ठांच्या गटात जाणार होता. त्या वर्षी तो असा खेळला की गाव बघायला लोटलं. अंतिम सामन्यात दोघांचे गुण जवळजवळ बरोबरीत आले आणि टेबलावर शेवटचा काळा चेंडू उरला. तो पाडील तो जिंकणार. पाळी प्रल्हादची होती. चेंडू लांब होता, पण सरळ होता. असा चेंडू सरावात त्याने शेकड्यांनी पाडला असेल.

भालचंद्र पहिल्या रांगेत बसला होता. प्रल्हाद वाकला. त्याने क्यू मागे घेतला आणि जोरात टोला दिला. डोकं वर आलं. आणि त्याच वेळी आणखी एक गोष्ट झाली. तासून तासून वेतासारखा झालेला तो क्यू हातात थरथरला. जाड क्यूने थोडीफार सांभाळून घेतली असती ती चूक या क्यूने दुप्पट केली. काळा चेंडू खिशाच्या तोंडाला लागून बाहेर आला. समोरच्या पोराने तो सहज पाडला. टाळ्या वाजल्या.

भालचंद्रला टाळ्या ऐकू आल्या नाहीत. ती थरथर त्याने पाहिली होती, आणि ती कुणाच्या हाताने आली हे त्या सबंध हॉलमध्ये त्याला एकट्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी प्रल्हाद पडवीत आला. त्याने क्यू कामाच्या फळीवर ठेवला. मग आढ्याला टांगलेल्या लाकडांकडे बघितलं.

“फार बारीक झाला रे हा,” तो म्हणाला. “आता परत जाड कर.”

“जाड करता येत नाही, प्रल्हाद.”

“मग दुसरा कर. खेळत तर राहायचंच आहे. ज्येष्ठांत का होईना.”

भालचंद्रचा हात सवयीने वर गेला, टांगलेल्या लाकडाकडे. ‘करतो की’ हे शब्द तोंडात तयारच होते. पण कालची ती थरथर त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. त्याने हात खाली घेतला. या खेपेला तो पाणी प्यायलाही गेला नाही.

“दुसरा करून उपयोग नाही. क्यू कधीच वाईट नव्हता. लांबचा चेंडू आला की तू डोकं वर उचलतोस. टोला पुरा व्हायच्या आधी. ही टिप बघ, एकाच बाजूने झिजलीय. तुझा क्यू दरवेळी उजवीकडे ओढला जातो.”

प्रल्हादने टिप पाहिली. बोटाने चाचपली. मग त्याने हळू आवाजात विचारलं, “हे तुला कधी कळलं?”

आता इथे सुटायला वाट होती. काल कळलं, म्हणून सांगितलं असतं तर कोण शोधायला जाणार होतं? प्रल्हादने विश्वासही ठेवला असता. भालचंद्रच्या मनात तसं येऊन गेलं. का येऊ नये, माणूसच तो.

“तू पहिल्यांदा हा घेऊन आलास ना, त्याच दिवशी,” तो म्हणाला. “तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. आणि नंतर, आधी का नाही बोललास म्हणशील, म्हणून बोललो नाही.”

शालन दारात होती, ती आत निघून गेली.

“गावात मला हसणारे पुष्कळ होते, भालू,” प्रल्हाद शेवटी म्हणाला. “नाचता येईना अंगण वाकडं, हे मी पाठीमागून ऐकलंय. मला वाटायचं, माझ्यात खोट असती तर भालूने सांगितली असती. तो काहीच बोलत नाही, म्हणजे दोष क्यूचाच. मी मित्राकडे येत होतो. तू मला गिऱ्हाईक समजलास.”

“तुझ्याकडून कधी एक पैसा घेतला नाही मी.”

“घेतला असतास तर बरं झालं असतं. मी दुसरीकडे विचारलं असतं.”

तो निघून गेला. क्यू तिथेच राहिला. भालचंद्र दोनतीनदा त्याच्या घरी गेला, पण प्रल्हाद पोस्टात गेलेला असायचा किंवा गेलाय असं सांगितलं जायचं. भालचंद्रला अन्न गोड लागेना. शालनला वाटलं असतं तर ती बोलू शकली असती, ‘मी सांगत होते’ म्हणून. ती बोलली नाही. तेवढं शहाणपण तिच्याकडे होतं.

आंब्याला मोहोर आला त्या सुमारास प्रल्हाद पुन्हा पडवीत उभा राहिला. आत आला नाही.

“जिमखान्यात ये,” तो म्हणाला. “समोर बस. डोकं उचललं की सांग.”

भालचंद्र अंगावरचा भुसा न झटकता उठला. रोज संध्याकाळी तो टेबलाच्या पलीकडे खुर्ची टाकून बसू लागला. प्रल्हाद वाकायचा, टोला द्यायचा, आणि हा म्हणायचा, “उचललंस.” पुन्हा टोला. “उचललंस.” सुरुवातीला भालचंद्रला ते म्हणणं जड जायचं. कधी प्रल्हाद चिडायचा, टिपेला लावायचा खडू आपटायचा, घरी जायला निघायचा. पण दुसऱ्या दिवशी यायचा. हळूहळू भालचंद्रला बोलायचं कारण कमी पडू लागलं, आणि चैत्र संपता संपता एक संध्याकाळ अशी आली की त्याला एकदाही तोंड उघडावं लागलं नाही.

त्या संध्याकाळी प्रल्हादने काळा चेंडू लांबवर मांडला. अंतिम सामन्यात होता तसा, त्याच जागी. त्याच्या हातात जिमखान्याच्या रॅकमधला क्यू होता, कुणीही वापरून टाकावा असा जाडाभरडा, किंचित वाकडासुद्धा. तो वाकला. टोला दिला आणि डोकं खालीच ठेवलं. चेंडू खिशात पडल्याचा आवाज आला तरी त्याने वर पाहिलं नाही.

त्याने तो चेंडू पुन्हा मांडला. पुन्हा पडला. पुन्हा मांडला, पुन्हा पडला. भालचंद्रला आनंद झाला. तो उठून जवळ गेला.

प्रल्हाद अजून टेबलावर वाकलेलाच होता. त्याचे डोळे भरून आले होते.

“एवढंच होतं?” तो म्हणाला. “भालू, एवढंच होतं?”

भालचंद्रने होकाराची मान हलवली. प्रल्हाद पुढे ज्येष्ठांच्या गटात खेळला, पुष्कळ सामने जिंकला. दोघांची मैत्रीही राहिली. राज्याचा संघ मात्र तेवढा राहून गेला.

तात्पर्य: जिवलगाला वाईट वाटू नये म्हणून खरं गिळून बसणं ही माया नव्हे, ती आपली भीड, आणि तिची किंमत आपल्याला नाही, त्याला मोजावी लागते.