डोक्यावरची शीव

सात वर्षं काशीला न्यायशास्त्र शिकून गोदा घरी निघाली, तेव्हा तिला वाटलं होतं, आप्पा वेशीवर उभा असेल आणि हातातली छिन्नी लपवत डोळे पुसेल. वेशीवर कुणीच नव्हतं. आप्पा गडाच्या कोठडीत होता, आणि पुनवेला त्याचा उजवा हात तोडायचा होता!

तिचा बाप हैबती पाथरवट. पंचक्रोशीतल्या शिवेचे दगड त्यानेच रोवलेले. झालं असं, की शेजारच्या राजाने दूर उत्तरेच्या गोठलेल्या समुद्रावर आपलं निशाण लावलं. तिथे थंडीखेरीज काही पिकत नव्हतं आणि पांढऱ्या अस्वलांखेरीज रयत नव्हती. पण शेजाऱ्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही, हे राजा दंडपाणीला सोसेना. त्यानेही चाळीस शिपाई तिकडे धाडले आणि हैबतीकडून बर्फात बारा दगड रोवून घेतले. महिनाभरात बर्फ वाहत गेला, आणि बाराही दगड शेजाऱ्याच्या हद्दीत जाऊन उभे राहिले. राजाने ठरवलं, पाथरवट फितूर आहे. तसूभरही न हलणारी शीव कशी रोवायची ते पुनवेच्या आत सांग, नाहीतर हात दे, असा हुकूम सुटला.

गोदा तडक दरबारात गेली. शेजारच्या राजाचा दूतही तिथे बसला होता, मिशीत हसत.

"शीव मी रोवून देते, महाराज," ती म्हणाली. "पण आपल्याकडे दगड आधी, की शीव चालणं आधी?"

राजा चपापला. रीत त्याला ठाऊक होती. जमिनीवर हक्क सांगणाऱ्याने त्याच जमिनीचं ढेकूळ डोक्यावर घेऊन शीव चालायची. ढेकूळ शेवटपर्यंत डोक्यावर राहिलं, तर जमीन त्याची.

"इतक्या लांब चालत कोण जाणार?" तो कुरकुरला.

गोदाने सवलत दिली. गडाच्या तटाला एक फेरी मारली तरी चालेल म्हणाली. ढेकूळ तर घरातच होतं. उत्तरेहून आणलेली बर्फाची लादी राजाने तळघरात भुशात पुरून ठेवली होती, पाहुण्यांना दाखवायला.

चैत्रातली भर दुपार. नारळाएवढा बर्फ पगडीवर ठेवून राजा निघाला, मागे अख्खा दरबार. पहिल्या दरवाजाशी तो म्हणाला, झकास गार वाटतंय. दुसऱ्याशी मिशा ठिबकू लागल्या. तिसऱ्याशी चार शिंका आल्या. राजवैद्य पुढे धावला, तर राजाने त्यालाच हाकललं, धक्का लागून ढेकूळ पडेल म्हणून. शेवटच्या दरवाजाशी पगडी उतरवली, ती पिळण्याजोगी झाली होती. तिच्यावर काही नव्हतं.

"माझी जमीन कुणी चोरली?"

"कुणीच नाही," गोदा म्हणाली. "सगळा दरबार साक्षीला होता. तुमच्याच गडात, खुद्द तुमच्या डोक्यावर, ती तुम्हाला दोन घटका राखता आली नाही, महाराज. मग आप्पाने ती भर समुद्रात बारा दगडांनी कशी राखावी? आणि जमीन राखता आली नाही म्हणून आप्पाचा हात तोडायचा, तर..." तिने राजाच्या ओल्या मस्तकाकडे पाहिलं आणि पुढचं गिळलं.

राजाच्या नाकावरून शेवटचा थेंब ओघळला. तो आधी फिसकन हसला, मग पोट धरून हसला! हसता हसता दूताकडे वळून म्हणाला, "उरलेली लादी घेऊन जा. तुझ्या राजालाही मारू दे एक फेरी."

दूताने उन्हाकडे पाहिलं, घसा साफ केला, आणि आमच्या महाराजांना सर्दी लवकर होते, असं सांगितलं.

हैबती त्याच संध्याकाळी सुटला. शिपायांना परत बोलावणं गेलं. राजाने गोदाला उत्तरेची सुभेदारी देऊ केली. टिकाऊ काहीतरी द्या, म्हणाली ती. मग रात्रभर विचार कर आणि मागशील ते ने, असं ठरलं.

सकाळी तिचं पक्कं झालं होतं. उत्तरेसाठी शिवलेलं, गडाचं अख्खं अंगण झाकेल एवढं निशाण कोठारात पडून होतं. ते तिने मागून घेतलं, घरी आणलं आणि कात्री लावली. चाळीस शिपाई काकडत परतणार होते, त्यांना गोधड्या लागणार होत्या. आप्पाने छिन्नी बाजूला ठेवली आणि उजव्या हाताने सुईत दोरा ओवला.