हलका भार
इंजिनिअरिंगच्या साहित्य-चाचणी प्रयोगशाळेत विभागप्रमुख डॉ. चौबळांचा दिवस बागवे मॅडमना टोमणा मारल्यावाचून सुरूच होत नसे. अखेर मॅडमनी राजीनामा पुढे केला.

"एवढ्याशा बोलण्यानं कुणी मोडतं का, बाई?" चौबळ हसले.

मॅडमनी चाचणीत तुटलेली सळई टेबलावर ठेवली. "सर, हिच्यावर तर अगदी हलका भार होता. मग ही कशी मोडली?"

आपल्या विषयातला प्रश्न ऐकून चौबळ खुलले. "सोपं आहे! भार हलका, पण सारखा, उसंतच नाही. पोलादसुद्धा आतून तडकत जातं, वरून कळतही नाही..."

बोलता बोलता ते थांबले. मग राजीनामा हळूच मॅडमकडे सरकवत म्हणाले, "राहा ना."

मॅडमनी भिंतीवरच्या, चौबळांच्याच अक्षरातल्या पाटीकडे बोट दाखवलं : 'मोडलेला नमुना पुन्हा यंत्रावर लावू नये.'