हैबतीने न चाखलेला जाम

एका राज्यात उन्हाळा पाहुणा म्हणून येई आणि घरमालकासारखा राही. विहिरींच्या दोरांचे हाताला चटके बसत, देवळातल्या घंटेला कुणी हात लावीत नसे. अशा राज्यावर भद्रकेतू नावाचा राजा राज्य करीत होता आणि त्याच्या ताटातला पहिला घास हैबतीचा होता.

रीतच होती तशी. राजघराण्यात जे काही खायला येईल ते आधी हैबतीने चाखायचे, मग दोन घटका भिंतीला टेकून बसायचे. दोन घटकांनी हैबती जिवंत असला की राजा जेवायला बसे. तीस वर्षे हे चालले. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाचा कुणावर विश्वास राहील? बायकोने केलेली आमटी तो आधी मांजरापुढे ठेवी, आणि मांजर जगले तरी मांजरावर नजर ठेवी. सगळ्या जगात त्याचा जीव एकाच ठिकाणी होता. राजाची आठ वर्षांची लेक केतकावती, ती त्याला हैबतीबाबा म्हणे.

एका दुपारी दरबारात कंकोळ नावाचा मांत्रिक आला. त्याच्या उजव्या हाताला सहा बोटे होती आणि त्या हातात एकच पांढरा जाम होता, ते पाणीदार फळ, रसाने तट्ट फुगलेले. "उन्हाचं लेकराला थंड," असे म्हणून त्याने तो केतकावतीपुढे धरला. तिने हात पुढे केला. तेवढ्यात हैबती मध्ये आला, जाम घेतला आणि कचकन चावा घेऊन उष्टा केला.

कंकोळाचा चेहरा उतरला. मग तो शांतपणे म्हणाला, "माझ्या हातावर संशय घेतलात. आता पाणी या मुलीच्या ओठांशी येईल आणि राख होईल. तिला चालेल ते फक्त फळातलं पाणी. राज्यात अशी तीन फळं उरतील, तिसऱ्या संध्याकाळपर्यंत. ज्याने उष्टं केलं त्यानेच ती आणावीत." एवढे बोलून तो भिंतीतून निघून गेला. त्याच क्षणी राज्यातली सगळी फळे झाडावर वाळली.

केतकावतीने पेला तोंडाला लावला आणि तिच्या हनुवटीवरून राख सांडली. हैबतीने पागोटे कसले आणि तो निघाला. त्याला वाईट वाटत होते, पण आपण चुकलो असे काही वाटत नव्हते. मांत्रिकाचे फळ न चाखता द्यायचे की काय!

वेशीवर पिंपळात तांबट पक्षी बसला होता. तो म्हणाला, "पहिलं फळ नदीच्या वाळूत आहे. सुसर राखते आहे."

"तुला कुणी पढवलं?" हैबतीने विचारले.

"उन्हाने," तांबट म्हणाला आणि पुन्हा टुक टुक करू लागला. हैबतीला ते उत्तर मुळीच पटले नाही, पण दुसरा इलाज नव्हता.

नदीच्या वाळूत एकच वेल, वेलीला एकच कलिंगड, आणि त्याला वेटोळे घालून म्हातारी सुसर. ती म्हणाली, "वेलीला एकवीस घागरी पाणी घाल आणि घेऊन जा." हैबतीने प्रत्येक घागर हुंगून घातली. कलिंगड डोक्यावर घेऊन तो महालात आला, रीतीप्रमाणे त्याची खाप काढली, खाल्ली आणि भिंतीला टेकला. लालभडक खाप, गोड, गार. दोन घटकांनी केतकावतीपुढे कलिंगड ठेवले तेव्हा आत कापूस झाला होता. तिने एक तुकडा चघळला आणि खाली ठेवला.

"त्या सुसरीने घात केला," हैबती म्हणाला. सुसरीवर त्याचा पहिल्यापासूनच संशय होता.

दुसऱ्या दिवशी तांबटाने माळावरचा ताड दाखवला. त्या ताडाला बोलता येत असे. तो म्हणाला, "वर पाहिलंस तर मी वाढतो. न पाहता चढ." वर काय दडले आहे ते न पाहता चढायचे म्हणजे हैबतीला शिक्षाच. तीनदा त्याने चोरून वर पाहिले, तीनदा ताड वाढला. अखेर डोळे मिटून, पोटऱ्या सोलवटून घेत तो शेंड्याला पोचला आणि एक ताडफळ घेऊन उतरला. फळात तीन गोळे निघाले, काचेसारखे, आत पाणी हलणारे. त्याने एक चाखला. दोन घटकांत उरलेले दोन सुकून चामडे झाले.

आता हैबतीने ताडाला दोष दिला, तांबटाला दिला, सुरी धुणाऱ्या दासीला दिला. केतकावतीच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. ती बोलेनाशी झाली होती, नुसती त्याच्याकडे पाही. राजा म्हणाला, "हैबती, उद्या शेवटचा दिवस."

"ठाऊक आहे, महाराज."

तिसऱ्या सकाळी तांबट म्हणाला, "तिसरं फळ कंकोळाच्या अंगणात आहे. तिथे काही करायचं नाही. फक्त मागायचं."

हैबती गेला. अंगणात जामाचे झाड होते, झाडाला एकच पांढरा जाम. कंकोळाने तो सहा बोटांनी तोडला आणि हैबतीच्या तळहातावर ठेवला. हैबतीने विचारले, "यात विष आहे काय?"

"चाखून बघ," कंकोळ म्हणाला आणि घरात गेला.

वाटेत ऊन असे पेटले होते की बैल सावलीत धापा टाकत होते, माणसे ओठ चाटत होती. हैबतीने सवयीने जाम तोंडाशी नेला. चालता चालता त्याच्या पोटात काहीतरी डुचमळले. तो थांबला. पुन्हा एक पाऊल टाकले, पुन्हा डुचमळले, भरल्या घागरीसारखे. आणि त्याच्या ध्यानात आले की तीन दिवस त्याने पाण्याचा थेंब घेतला नाही, तरी त्याला तहान नाही. सगळे राज्य पाणी पाणी करते आहे आणि आपल्याला तहान नाही, हे कसे?

तीस वर्षांत त्याने सगळ्यांवर संशय घेतला होता. एकच माणूस राहून गेला होता. तो धुळीत बसला आणि रडला. मग जाम पागोट्यात गुंडाळून तो पळत सुटला.

महालात ऊन उतरत आले होते. राजा म्हणाला, "चाख."

"नाही, महाराज."

राजाने तलवारीला हात घातला. "म्हणजे विष आहे. तू त्या मांत्रिकाला मिळालास."

"विष आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण ज्याला माझा दात लागतो त्यातलं पाणी माझ्या पोटात जातं. ताईसाहेबांच्या वाटणीचं कलिंगड मी प्यालो, ताडगोळे मी प्यालो. हा जाम एकच आहे. चाखला तर त्या नक्की जातील."

"आणि न चाखता दिला, आणि विष निघालं तर?"

"तर तलवार आहेच तुमच्या हातात," हैबती म्हणाला.

अंथरुणावरून बारीक आवाज आला. "हैबतीबाबा, तुम्ही देताय ना? मग मी खाते."

त्याने जाम तिच्या ओठांशी धरला. ती चावली. रस हनुवटीवरून ओघळला. तिने देठापर्यंत सगळा जाम संपवला आणि डोळे मिटले.

हैबती भिंतीला टेकून बसला. घटिकापात्र पाण्यात सोडले होते ते एकदा बुडाले, एक घटका झाली. तलवार म्यानाबाहेर तशीच होती. जन्मभर तो स्वतःचा जीव पणाला लावून या भिंतीला टेकला होता आणि कधी घाबरला नव्हता. आज मात्र त्याची नजर पात्रावरून हलत नव्हती. पात्र दुसऱ्यांदा बुडाले.

केतकावती उठून बसली. "पाणी," ती म्हणाली. दासीने पेला दिला. तिने घटाघटा पेला रिकामा केला आणि दुसरा मागितला. राख कुठेच नव्हती. राजाने तलवार म्यान केली आणि हैबतीपुढे मान खाली घातली. त्या रात्रीत राज्यातली वाळलेली फळे झाडाझाडांवर पुन्हा फुगली, आणि हैबतीला तीन दिवसांनी तहान लागली.

दुसऱ्या दिवशी, कंकोळाचा पहिला जामही निर्दोषच होता हे ओळखून, राजाने त्याला मानाने बोलावून पहिल्या पंगतीला बसवले. सुसरीने कलिंगड धाडले होते. खापा झाल्या, आणि हैबतीचा हात सवयीने पुढे गेला. केतकावतीने तो धरला. तिने स्वतः एक घास खाल्ला आणि उरलेली खाप त्याच्यापुढे केली.

"आधी मी खाल्लं, हैबतीबाबा. आता मी भिंतीला टेकून बसते. तुम्ही दोन घटका थांबा."

"नको, ताईसाहेब, द्या तशीच," हैबती म्हणाला. त्याने ती न हुंगता खाल्ली, बियांसकट.

ज्याने गोष्ट ऐकली त्याचा घसा ओला राहो, ज्याने सांगितली त्यालाही एक खाप मिळो. एवढीच आमची गोष्ट, आणि ती पुरी झाली.