ओटीचे तांदूळ

"आमचं चुकलं कुठं, तेवढं सांगा आक्का."

ऋजुता दारातूनच विचारत होती. पायातले बूटही काढले नव्हते.

गोदाक्का सुपात तूर निवडत बसली होती. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती ती. निवृत्त झाली आणि माळावरच्या या चार खोल्यांत एड्सच्या माणसांसाठी केंद्र काढून बसली. मी तिची जीप चालवतो. तेव्हा हे माझ्या कानांनी ऐकलंय, ऐकीव नव्हे.

"कुणाचं म्हणतेस?"

"शेवंताबाईंचं. सोमवारी शब्द दिला होता मला. बुधवारी दवाखान्यात येते म्हणाल्या, गोळ्या परत सुरू करते. आज दारच उघडत नाहीत."

शेवंताचा नवरा ट्रकवर होता. दुखणं घरात आणलं त्यानंच, आणि आठ वर्षांपूर्वी गेला. गेले दोन महिने तिनं गोळ्या सोडल्या होत्या. असंच चाललं तर बाई दिवाळी बघत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं.

ऋजुता पुण्याहून सेवेसाठी आलेल्या पाच जणांची पुढारीण. लग्नाला जेमतेम तीन महिने झालेले. पोरगी हुशार, कामाला वाघ. पण तिसऱ्या दिवशीच आम्हाला शिकवायला लागली होती. म्हटलं, बघू या.

"घरात बसलीस तिच्या?"

"बसले. तासभर. हात हातात घेतला. आम्ही भीत नाही आक्का."

"ते दिसतंय. निघताना काय झालं?"

"काही नाही."

आक्का तूर निवडत राहिली…

"म्हणजे, त्या तांदूळ आणि नारळ घेऊन आल्या. नवी नवरी पहिल्यांदा घरी आली, ओटी भरते म्हणाल्या. मी हात जोडले. आमचा नियम आहे, वस्तीत चहासुद्धा घ्यायचा नाही. लोकांवर भार नको. आणि त्यांच्या डब्यात तांदूळ ते किती… ते कसे घेऊ मी?"

"आज दाराआडून काय म्हणाली?"



"म्हणाल्या, माझ्या हातचे तांदूळ चालत नाहीत, तर माझं जगणं कशाला हवंय तुम्हाला."

विधवेची ओटी, त्यात हे दुखणं; आठ वर्षांत त्या उंबऱ्यात सवाष्ण चढली नव्हती. तो नारळ मीच बाजारातून आणून दिला होता. चांगला वाजवून आण, दोनदा बजावलं होतं तिनं.

आक्का उठली. आत जाऊन पेटी उघडली आणि एक शाल घेऊन आली. आल्या दिवशी ऋजुतानंच तिला दिलेली. आक्कानं ती शाल तिच्या हातात ठेवली.

"ही ने परत."

"का?"

"माझा नियम आहे. पाहुण्यांकडून काही घ्यायचं नाही."

"अहो पण आईनं दोन महिने बसून विणलीय ती तुमच्यासाठी. तिला मी काय तोंड…"

तिथंच थांबली.

…

आक्का पुन्हा तूर निवडायला बसली. ऋजुताचे डोळे भरून आले होते. मला तिची कीव आली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

"संपतकाका, जीप काढता?" ती मला म्हणाली. शाल खुर्चीवर ठेवायला गेली.

"असू दे ती," आक्का म्हणाली. "तुझ्या त्या सदऱ्याला पदर कुठाय?"

शेवंताच्या दाराशी ऋजुतानं आधी बूट काढले. माफीबिफी मागितली नाही. कडी वाजवली आणि म्हणाली, "शेवंताताई, माझी ओटी राहिलीय."



मग कडी निघाली. शेवंता वाळून गेली होती, पण केस विंचरलेले होते. पोरीनं शाल पसरली. शेवंतानं ओंजळीनं तांदूळ घातले, पाच वेळा. एक दाणा खाली पडला नाही. वर नारळ ठेवला.

"नीट धर," एवढंच बोलली. मग घरात गेली, दवाखान्याची फाईल घेऊन आली आणि माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली. मी गपचूप गाडी सुरू केली. आपण कशाला मध्ये बोला?

तालुक्याची वाट केंद्रावरूनच जाते. तिथं थांबलो. ऋजुता शाल सांभाळत आक्कासमोर जाऊन उभी राहिली.

"आक्का, मी काहीच दिलं नाही त्यांना. नुसतं घेऊन आले."

आक्कानं शालीतले तांदूळ बघितले. चूल पेटलेलीच होती.

"धुऊन दे आणि निघा. तुम्ही दवाखान्यातून येईस्तोवर भात होईल."

"एवढ्याशात? आपण आठ माणसं आहोत."

आक्कानं जीपकडं बघितलं आणि शेवंताला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"पुरेल. आज आपण सगळे शेवंताकडं जेवतोय."