कोंडाबाईची मोकळी वाट

एका तालुक्याच्या गावात एक भोळा शिपाई होता. नाव म्हाळू. कोर्टाच्या दारात उभं राहायचं आणि पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचा, हे त्याचं काम. मनाने सोनं. डोक्याचं मात्र विचारू नका.

त्या कोर्टात एक न्यायाधीश, एक कारकून आणि एक मोडकं कपाट होतं. टायपिस्टची जागा सहा वर्षं रिकामी. वर पत्र पाठवलं की उत्तर यायचं, सध्या पैसे नाहीत. मग फायलींची चळत छताला टेकणार नाही तर काय! त्यातच कोंडाबाईचा दावा होता. शेजाऱ्याने काट्या टाकून तिच्या विहिरीची वाट अडवली होती. अकरा वर्षं बिचारी टेकडीला वळसा घालून पाणी आणत होती.

एके दिवशी न्यायाधीशसाहेब म्हणाले, "म्हाळू, कोर्टात अजिबात आवाज नको."

"कळलं, साहेब."

म्हाळूने कोंडाबाईचं नाव तीनदा पुकारलं. कानात सांगावं तसं. बाई समोर लिंबाखाली बसलेली, तिला काय ऐकू येणार? गैरहजर म्हणून चार महिन्यांनंतरची तारीख पडली. बाई तिथेच रडायला लागली.

"अरे शहाण्या," साहेब कडाडले, "बाहेरच्या माणसाला सांगायचं ते तीनदा ओरडून सांगावं. गाव गोळा झाला पाहिजे!"

"आता कळलं, साहेब."

चार महिन्यांनी कोंडाबाईचं म्हणणं ऐकून झालं. निकालही ठरला, पण टाईप कोण करणार? त्यात साहेबांची कंबर धरली. ते हळूच म्हणाले, "वैद्यबुवांना निरोप दे."

वैद्यबुवा बाहेरचे. म्हाळू ओट्यावर गेला. "साहेबांची कंबर धरली होऽऽ!" तीनदा. गाव गोळा झाला. दोघीजणी तर शेकायला गरम विटा घेऊन आल्या.

"असलं झाकून ठेवावं रे," साहेब कण्हले. "कुणी विचारलं तर म्हणावं, सगळं ठीक आहे."

"आता कळलं, साहेब."

पुढच्याच आठवड्यात जिल्ह्याहून मोठे साहेब आले. अडचण डोळ्यांनी बघून टायपिस्ट द्यायचा की नाही, ते ठरवणार होते. म्हाळूने पहाटेच फायली खाली रचल्या, वर सतरंजी अंथरली. झकास बैठक झाली.

"काय रे, कामं तुंबलीत का?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"सगळं ठीक आहे."

"मग टायपिस्ट कशाला हवा?" म्हणत ते बैठकीवर टेकले. चळत घसरली. मोठे साहेब गळ्यापर्यंत फायलींत बुडाले. तिघांनी ओढून काढल्यावर ते धापा टाकत म्हणाले, "टायपिस्ट घ्या! पण फायली ठेवायला नव्या खोलीला आणि कपाटाला पैसे नाहीत."

न्यायाधीशसाहेब म्हाळूला म्हणाले, "फायली झाकायच्या नसतात, बाबा. मोकळी जागा दिसेल तिथे नीट रचायच्या."

"आता कळलं, साहेब."

टायपिस्ट आला. तिसऱ्या दिवशी कोंडाबाईचा निकाल लागला. काट्या उचलल्या गेल्या. बाई पदरात शेंगा घेऊन धावत आली.

"घे रे लेका! वाट मोकळी झाली. बैलगाडी जाईल एवढी मोकळी!"

म्हाळूला आनंद झाला. इतकी मोकळी जागा त्याने कोर्टात कधी पाहिली नव्हती. त्याने लगेच बैलगाडी सांगितली.

सकाळी कोंडाबाई रिकामी घागर घेऊन कोर्टात हजर.

"साहेब, माझी वाट परत अडवली!"

"कुणी?"

"तुमच्या कोर्टानं! घरापासून विहिरीपर्यंत फायलीच फायली. कमरेएवढ्या!"

साहेबांनी डोकं धरलं. "म्हाळू, बाईंच्या निकालाची फाईल कुठाय?"

"तिथेच आहे, साहेब," म्हाळू अभिमानाने म्हणाला. "अगदी तळाशी. वाऱ्याने उडायला नको."

आणि बाहेरच्यांना कळायला हवं म्हणून तो ओट्यावर गेला. "कोंडाबाई विरुद्ध कोर्ट, हाजिर होऽऽ!"

तीनदा. गाव गोळा झाला.