सुगीची बटणांची डबी

शेवंतीवाडीत जिकडे बघावं तिकडे फुलंच फुलं! पण सुगीच्या घरात मात्र सगळ्याचीच चणचण होती. तिची आई गावातल्या शिंप्याला काजं-बटणं करून द्यायची आणि त्यावर दोघींचं कसंबसं भागायचं.

आणि अशातच शाळेत शिरलं संग्रहाचं वेड! कुणी मोराची पिसं जमवली, कुणी नदीतले गुळगुळीत गोटे. परागने तर लांबलांबच्या देशांची नाणी आणली. बाई म्हणाल्या, "उद्या सगळ्यांनी आपापला संग्रह मांडायचा हं!"

सुगीकडे काय होतं? पत्र्याची एक डबी आणि तिच्यात तिच्या झबल्याचं एकुलतं एक निळंनिळं बटण.

"एका बटणाचा कुठे संग्रह असतो होय?" पराग म्हणाला. सगळे खो खो हसले. सुगी डोळे पुसत थेट बागेत पळाली.

तिथे जाईच्या मांडवाखाली कुणीतरी मुसमुसत होतं. सुगीने पानं बाजूला सारली आणि बघते तर काय, वीतभर उंचीची इवलीशी परी! गुलाबी पंख, चमचमता चंदेरी झगा. पण झगा तिने गळ्याशी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"माझं बटण हरवलं गं," परी म्हणाली. "झगा मिटला नाही तर पंख उघडत नाहीत. ऊन उतरायच्या आत मला घरी पोचायचंय!"

सुगीने हातातल्या डबीकडे पाहिलं. बटण दिलं, तर उद्या मांडायचं काय? पण रडणाऱ्या परीला नाही तरी कसं म्हणायचं!

"थांब, मी लावून देते." सुगीने फ्रॉकला खोचलेली सुई काढली. "पण अंगावरचं शिवताना तोंडात काडी धरायची असते. माझी आई सांगते."

परीने गवताची काडी दातांत धरली. जरा बोलायला गेली की सुगी डोळे वटारायची! बटण लागलं, खाली दोऱ्याचे वेढे पडले, गाठ बसली. परीने काडी टाकली आणि गर्रकन गिरकी घेतली.

"माग बाळे, काय हवं ते माग!"

"डबीभर बटणं!" सुगी एका दमात म्हणाली.

"दिली! पण अट ऐक. ज्याचं बटण तुटलं असेल, त्याला नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलंस, की डबीत उरतील नुसते खडे."

परी उडाली आणि डबी खुळखुळली. केशरी बटणं, मोरपंखी बटणं, माशाची, फुलाची, चांदणीची! सुगी आनंदाने नाचतच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर पारूच्या बाहीचं बटण तुटलं. सुगीने ते लावून दिलं. मग गोदू आली, मग नामा आला. जिथे सुगी, तिथे तुटकं बटण! डबी हलकी होत होत शेवटी एकच उरलं, सोनेरी सूर्यफुलाचं.

तेवढ्यात वर्गाच्या दाराआडून हाक आली. पराग उभा होता, दोन्ही हातांनी चड्डी धरून.

"सुगे, बटण तुटलं गं. आता नाणी कशी मांडू?"

काल हाच हसला होता! नाही म्हणून टाकावं, असं सुगीच्या मनात आलंच. पण बिचाऱ्याचे कान लाजेने लालेलाल झाले होते.

"तोंडात काडी धर," सुगी म्हणाली.

बाईंनी पुकारलं, "सुगंधा, तुझा संग्रह?"

सुगीने रिकामी डबी पुढे केली आणि तिला रडूच फुटलं. तोच पराग ताडकन उठला. "बाई, तिचा संग्रह हा इथे आहे!" त्याने सूर्यफूल दाखवलं. पारूने बाही उंचावली, गोदूने गळा दाखवला. अख्ख्या वर्गात बटणं लुकलुकू लागली! बाईंनी तर टाळ्याच वाजवल्या.

"आमच्या आजोबांच्या कोटाचं एक बटण आहे, आणू तुला?" परागने विचारलं.

"माझ्याकडे शिंपल्याचं आहे!"

"माझ्याकडे लाकडाचं!"

संध्याकाळपर्यंत सुगीची डबी काठोकाठ भरली. प्रत्येक बटणाबरोबर त्याची गोष्टही आली होती.

जाईच्या मांडवात परी वाट बघत होती. "माझी बटणं जादूची होती," ती हसून म्हणाली, "ही मात्र तुझी स्वतःची. आता अट सुटली!"

"सुटू दे," सुगी म्हणाली. "कुणाचं तुटलं तर मी देणारच."

परीच्या गळ्याशी निळं बटण लखकन चमकलं, सगळी बाग उजळली आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली.

सुगीची डबी भरली, तशी तुमचीही भरो!