धुरपाबाईच्या सुपातलं बियाणं

सीनेच्या काठी निमखेड नावाचं गाव होतं. म्हाळोजी महाराज तिथल्या मारुतीच्या पारावर मुक्कामाला होते, तेव्हाची ही गोष्ट. पार नावाला हो, भाविकहो! महाराज पारावर बसलेले फारसे कुणी पाहिलेच नाहीत. सकाळी ते कुणाच्या बांधावरची हराळी खणत असत, दुपारी कुणाच्या गोठ्यात शेण भरत असत.

गावातली धुरपाबाई त्यांची भक्त. नवरा केरबा, एक बैलजोडी आणि ओढ्याकाठचं एवढंसं रान, एवढाच तिचा प्रपंच. सुगीत ती शाळू ज्वारीची भरदार कणसं निवडून काढी आणि त्यांचं बी राखेत घालून मडक्यात ठेवी. बाकीचं गाव आपलं बियाणं भुजंगराव पाटलांच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात ठेवी. ठेवायचं ते टपोरं आणि पेरणीला परत मिळायचं ते किडकं! पाटलांपुढं बोलणार कोण? धुरपाबाईनं मात्र पेवात बी टाकायचंच सोडलं. पाटलांना ते फार झोंबलं.

“काय गं धुरपे,” भर चावडीपुढं ते म्हणाले, “त्या राखेतल्या बियाचा शाळू पेरणार, का राखुंडी करून दात घासणार?” लोक खो खो हसले. तिनं पदर सावरला आणि घरची वाट धरली.

पुढं हस्त नक्षत्र लागलं. पाटलांच्या घरी लेकीला बघायला पाहुणे आले. पेव उघडलं की कोंदट हवा जायला थोडा वेळ द्यावा आणि परत झाकावं, ही रीत. पण पाटलांना भरलेलं पेव मिरवायचं होतं! पाहुणे असेतो झाकण ठेवायचं नाही, असा त्यांनी हुकूम सोडला. त्याच संध्याकाळी हस्त असा कोसळला की पेवाची विहीर झाली. चार दिवसांत बियाण्याला आंबूस वास सुटला. शेजारच्या गावांत माणसं धावली, तर तिथं त्यांचंच त्यांना पुरेना.

उघडीप झाली आणि वाफसा आला. चिखल नाही, कोरडं नाही, रान पेरायला अगदी तयार. आणि गावात बी नाही! त्यात सकाळपासून कोरडा वारा सुटला. काळी माती बघता बघता सुकू लागली. संध्याकाळपर्यंत पेरलं नाही तर वर्षभर चूल कशी पेटणार? माणसं नुसती बांधावरून घरात आणि घरातून बांधावर करत होती.

महाराज धुरपाबाईच्या दारात उभे राहिले. “धुरपा, बी हाय का?”

“हाय, महाराज. आमच्या रानापुरतं.”

“सुपात काढ. गाव पेरायचंय.”

तिनं मडक्याकडं बघितलं. “अन् आमचं रान?”

“वारा ऐकतीस न्हवं? चल बिगी बिगी.”

केरबाचा चेहरा उतरला, पण तो बैल जुंपायला उठला. धुरपाबाईनं मडकं सुपात उपडं केलं. महाराजांनी सुपावर आपलं उपरणं झाकलं आणि ते म्हणाले, “आत बघायचं न्हाई. मूठ भरायची अन् द्यायची.”

सूप घेऊन ती बांधावर आली, तर पाटील आडवे आले. “पेरणीची पहिली तिफण पाटलाची! पिढ्यान् पिढ्यांचा मान हाय.”

“आज ज्याचं रान सगळ्यांत लहान, त्याचा पहिला मान,” महाराज म्हणाले.

तिफणी जुंपल्या. बायका ओटी पसरून येत, धुरपाबाई मुठी ओते आणि त्या तिफणीमागं पळत. प्रत्येक मुठीला तिला वाटे, आता बोटं सुपाच्या तळाला लागणार. पण मूठ भरतच राहिली. एकेक रान पेरून झालं. काय म्हणावं महाराजांच्या त्या मायेला! ऊन कलंडलं तेव्हा पाटलांचं रान राहिलं होतं आणि मुठी वाटता वाटता मागं पडलेलं धुरपाबाईचं.

पाटलांना धीर निघेना. “लबाडी हाय ही! बी दुसरीकडं लपवलंय!” त्यांनी उपरणं ओढलं आणि सुपात हात खुपसला. मूठ उघडून बघतात तो नुसती राख! पुन्हा घातला, पुन्हा राख. त्यांच्या अंगाला दरदरून घाम फुटला.

महाराज म्हणाले, “धुरपा, बी तुझं हाय. आता कुणाचं रान आधी, तूच सांग.”

तिनं ओढ्याकाठच्या आपल्या रानाकडं बघितलं. भेगा दिसायला लागल्या होत्या. तिचे डोळे भरून आले. मग ती म्हणाली, “पाटलांचं घ्या, महाराज. त्यांच्या रानावर किती सालगड्यांच्या चुली हायेत. त्यांनी काय खायचं?” तिनं मूठ भरली आणि पाटलांच्या ओंजळीत सोडली. मोत्यासारखा शाळू!

पाटलांचं पागोटं सुटून मातीत पडलं. ते महाराजांच्या पायांवर कोसळले, तर महाराज मागं सरले.

“माझ्या पाया कशाला पडतोस? जिला हसलास ती ही उभी हाय.”

भुजंगराव पाटील धुरपाबाईपुढं तिफणीनं पाडलेल्या तासात वाकले, मातीला डोकं लागेपर्यंत. “माय, चुकलो. गावाचं चांगलं बी मी खाल्लं. आता पेव गावाचं, राखण तुझ्याकडं. पण आधी तुझं रान पेरू दे, मग माझं. उरलं तर पेरीन, न्हाई तर न्हाई.”

“उठा, पाटील,” धुरपाबाई घाईनं म्हणाली, “पाया नंतर पडा. वाफसा चाललाय. दोन्ही रानं पेरू.”

आणि पाटलांनी उठून तिच्या रानात स्वतः तिफण हाकली.